शहाणपणाचा दाखला : एक प्रस्तावना

अक्कलकोटात स्थिरावण्याआधी स्वामी समर्थ काही वर्षं मंगळवेढ्याच्या परिसरात होते. गावात घर नाही की मठ नाही. रानात पडून राहायचं, मनाला आलं तर गावात एक फेरी मारायची. लोक त्यांना दिगंबर बुवा म्हणत आणि बहुतेकजण वेडा समजत. बसप्पा नावाचा एक गरीब तेली कामधंदा सोडून त्यांच्या मागे रानात जाऊन बसू लागला, तेव्हा गावाने आपल्या यादीत आणखी एका वेड्याची भर घातली. घरात बायकोचं बोलणं, बाहेर शेजाऱ्यांचे टोमणे. पुढची हकिकत चरित्रकार अशी सांगतात की, एका रात्री रानात पायापायाला साप निघाले. स्वामींनी सांगितलं म्हणून बसप्पाने त्यातला एक फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि पाहिलं तर सोनं. दारिद्र्य फिटलं, बायकोचा राग गेला, गाव गप्प झालं.

सोनं खरं की खोटं या वादात मला शिरायचं नाही. गावाचं ते गप्प होणं मात्र विचार करण्यासारखं आहे. रानात जाऊन बसणारा बसप्पा आदल्या दिवशी होता तोच दुसऱ्या दिवशीही होता. त्याच्या डोक्यात रातोरात काही दुरुस्त झालं नव्हतं. त्याच्या बसण्याला फळ आलं, एवढंच. फळ आलं की ती भक्ती, नाही आलं तर खूळ. अक्कलकोटच्या कथेतही हेच आहे. १८५७ च्या सुमारास स्वामी तिथे आले, खंडोबाच्या देवळात बसले आणि एका रिसालदाराने वेड्याची गंमत करावी म्हणून त्यांच्या हातात रिकामी चिलीम दिली. त्या चिलमीतून धूर निघाला, असं सांगतात. मग जेवणाची सोय झाली, चोळप्पाचं घर मिळालं, राजवाड्यातून माणसं येऊ लागली. ३० एप्रिल १८७८ रोजी स्वामींनी समाधी घेतली, तोवर त्यांच्या ओरडण्याला, शिव्यांना, एकाएकी गप्प होण्याला अर्थ मिळालेला होता. शिवी कुणाला दिली, कधी दिली, त्यातून काय सुचवलं, याचा उलगडा करत लोक बसत. भक्तांनी माझ्यावर रागावू नये. या कथा त्यांनीच जपल्या आहेत, आणि आधी वेडा म्हणणाऱ्या गावाला त्यांनी त्यातून वगळलेलं नाही. मला तो प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

याहून वेगळी गोष्ट सहाशे वर्षं आधीची, वऱ्हाडातली. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू ऋद्धिपुरात राहत. म्हाइंभटांनी त्यांचं जे चरित्र लिहिलं त्यात ते देवळातल्या मूर्तींशी भांडतात, कुणाच्याही घरात शिरून खातात, कारण नसताना हसतात, चिडतात, मारतात. गाव त्यांना वेडं म्हणतं आणि त्याच तोंडाने मायबाप म्हणतं. विहीर खणायची असो की बाळंतपण अडलेलं असो, त्यांना हाक मारतं. ऋद्धिपुराला सोन्याचा साप लागला नाही. वेडा की देव, याचा निकाल लावल्याशिवाय त्या गावाचं काही अडलंही नाही. मराठी गद्याच्या पहिल्या-पहिल्या ग्रंथांपैकी एका ग्रंथात हे सगळं बिनदिक्कत नोंदवलेलं आहे. आपण मात्र आज गोष्ट सांगताना निकाल आधी लावतो आणि माणसाकडे मग पाहतो.

पुढच्या पानांत वाचकांची गाठ वेड्यांपेक्षा वेडं ठरवणाऱ्यांशी जास्त पडेल, म्हणून या कथांपासून सुरुवात केली. माणूस शहाणा की वेडा, हा प्रश्न हवेत विचारला तर त्याला उत्तर नाही. तो कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय आणि त्या माणसाच्या कुठल्या घटकेबद्दल विचारतंय, हे कळलं तरच उत्तर देता येतं; आणि ते उत्तर दिल्यावर त्या माणसाचं जेवणखाण, औषधपाणी, राहणं कोण बघणार, हेही तिथेच ठरत असतं. माझं म्हणणं एवढंच आहे. ते सोलापुरातून सांगितलेलं बरं, कारण या जिल्ह्यात प्रश्न विचारणारे सगळे एका दिवसाच्या एसटीच्या अंतरात सापडतात. पश्चिमेला पंढरपूर, जिथे देवाचं वेड लागणं ही आयुष्याची कमाई मानली जाते. जवळच मंगळवेढा, जिथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बेदरच्या दरबारी हिशेबाने पाहिलं तर तो शुद्ध वेडेपणा होता. पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट. त्याच बाजूच्या रेल्वेमार्गाने दुधनीच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीत गेलं की गाणगापूर. आणि मध्ये हे शहर, गिरण्यांचं, मागांचं, विड्या वळणाऱ्या बायकांचं. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते, आणि मित्राला प्रेमाने ‘येडा हाईस का बे’ असं विचारलं जातं. हा झाला रोजचा, बिनजोखमीचा निवाडा. बाकीचे निवाडे इतके स्वस्त नाहीत.

गाणगापूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी दुपारच्या आरतीची वर्णनं तरी ऐकली असतील. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांसमोर महामंगलारती सुरू होते, नगारे वाजू लागतात आणि गर्दीतली काही माणसं ओरडू लागतात, घुमू लागतात, खांबांवर आणि जाळ्यांवर चढतात. त्यात बायका पुष्कळ असतात. सोबतचे नातेवाईक हात जोडून उभे असतात. कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणतं, कुणी ‘लागीर झालंय’ म्हणतं. आरती संपते, आवाज थांबतो, आणि त्यातल्या कित्येकजणी पदर सावरून घरच्या माणसांबरोबर बाहेर जाताना दिसतात. शिकलेला माणूस हे पाहून एक तर हसतो नाही तर घाबरतो. मला तिथला प्रश्न समजून घ्यावासा वाटतो. देवळात कुणी ‘ही वेडी आहे का’ असं विचारत नाही. ‘हिच्या तोंडून कोण बोलतंय’ असं विचारतात. या प्रश्नाची सोय अशी की दोष बाईच्या अंगाला चिकटत नाही. सासूला जे बोलायची सोय नाही ते ती भर देवळात ओरडून बोलते आणि त्याचा जाब तिला विचारत नाहीत, कारण बोलणारी ती नसतेच. गावात परतल्यावर ‘गाणगापूरला जाऊन आली’ म्हणण्यात लाज नाही. ‘मेंटलमध्ये दाखवून आली’ म्हणण्यात आहे.

देवस्थानात बरं वाटतं याला थोडाफार पुरावाही आहे. तमिळनाडूतल्या एका लहान मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी केली आणि ती २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. काही आठवडे तिथे राहिल्यावर त्यांच्या लक्षणांत सुमारे २० टक्क्यांनी उतार पडला होता. त्या मंदिरात कुठला खास विधीही नव्हता. राहायचं, थोडं काम करायचं, सोबत घरचं माणूस. पाहणी लहान होती, तिच्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण आधीच्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, त्याच राज्यातल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात आग लागली. तिथली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. दोन्ही ठिकाणं श्रद्धेची, दोन्हीकडे ‘उपचार’. एकीकडे घरचं माणूस शेजारी होतं, दुसरीकडे कडी होती. देवळाची बाजू घेणाऱ्यांनी आणि देवळावर तुटून पडणाऱ्यांनी, दोघांनीही हा फरक आधी बघावा.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत, हे सर्वांना माहीत असतं. त्याच अनुसूचीतलं एक कलम मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं : मंदबुद्धी माणसामध्ये अलौकिक शक्ती असल्याचं भासवून त्याचा धंद्यासाठी वापर करणं हाही गुन्हा आहे. अक्कलकोट आणि ऋद्धिपूर ज्या मुलखात घडलं त्या मुलखाला हे कलम लिहावं लागलं. वेड्यात देव पाहण्याची इथली जुनी सवय कुठवर जाऊन पोहोचली होती, ते या एका कलमावरून कळतं.

वैद्यकाकडे वळण्याआधी चरकसंहितेचा उल्लेख करायला हवा, आणि तो आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं हे सांगण्यासाठी नाही. चरकाने उन्मादाची व्याख्या करताना मन, बुद्धी, संज्ञा, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. यातली ‘भक्ती’ म्हणजे देवाची नव्हे, आवड. कालपर्यंत ज्याची गोडी होती त्याची आज नसणं, हे चरकाला लक्षण वाटलं. देव, गंधर्व, पिशाच यांच्यामुळे येणारा आगंतुक उन्माद तो मांडतो आणि त्याच ग्रंथात असंही बजावतो की, माणूस स्वतःच्या प्रज्ञापराधाने पोळतो, त्याचा दोष देवांना किंवा पिशाचांना देऊ नये. आता याच्या शेजारी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ठेवून पाहा. तो म्हणतो, विचार, मनःस्थिती, संवेदन, स्थळकाळाचं भान किंवा स्मृती यांत असा ठळक बिघाड की ज्यामुळे निर्णयशक्ती, वागणूक, वास्तवाची ओळख किंवा रोजच्या गरजा भागवण्याची ताकद गंभीरपणे ढासळते. दोन याद्यांमध्ये पुष्कळ साम्य आहे. एका ठिकाणी मात्र त्या फुटतात. चरकाच्या यादीत शील आणि आचार आहेत, म्हणजे लोकांत कसं वागावं याचा दंडक आहे. २०१७ च्या कायद्याने तो दरवाजा मुद्दाम बंद केला. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा धार्मिक रीतीशी एखाद्याचं जमत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं तिसऱ्या कलमात लिहिलेलं आहे.

हे लिहावं लागलं, कारण डॉक्टरांच्या हातून याच दरवाजातून बरंच काही आत शिरलेलं आहे. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने मळ्यांतून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार होतो असं जाहीर केलं आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिलं. सोव्हिएत रशियात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चं निदान मिळे. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून निघाली ती १९९० मध्ये. डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाचा १९७३ चा प्रयोगही या संदर्भात नेहमी सांगितला जातो : धडधाकट माणसं खोटी लक्षणं सांगून मनोरुग्णालयांत भरती झाली आणि तिथल्या डॉक्टरांना, कर्मचाऱ्यांना ती ओळखू आली नाहीत. तो सांगताना २०१९ मध्ये सुझाना कॅहॅलनच्या पुस्तकाने त्या प्रयोगाच्या खरेपणावरच गंभीर शंका घेतल्या, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

एवढं ऐकलं की काही वाचकांना वाटेल, म्हणजे वेड असं काही नसतंच, सगळा समाजाचा कावा. हे मत शहरातल्या चर्चांत फार आकर्षक वाटतं. ज्याच्या घरात पंचविशीचा मुलगा तीन-तीन रात्री जागून भिंतीशी बोलतो, आपल्या चहात कुणी विष कालवलं म्हणून आईच्या अंगावर धावून जातो, त्या घरात जाऊन ते कुणी बोलून दाखवावं. आजार असतो. औषधाने उतरतो. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादावरचा उपयोग छापून प्रसिद्ध केला. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन आलं आणि जगभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतले साखळदंड उतरू लागले. निदान चुकीच्या हाती गेलं म्हणून आजार खोटा होत नाही.

सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, मनोविकाराची ओपीडी चालते. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचं, तेव्हा शिकवण्याचीही जुनी सोय. केसपेपर काढून बाकावर बसलेल्या माणसांत बहुतेकजण गाणगापूर, एखादा देवऋषी आणि एखादा जवळचा डॉक्टर करून आलेले असतात, आणि इथल्या गोळ्या सुरू असताना पुढचीही वारी करणार असतात. डॉक्टरांना हे माहीत असतं. त्यांतले समजूतदार ‘दवा आणि दुवा दोन्ही घ्या, गोळी मात्र चुकवू नका’ म्हणतात. डॉक्टरचा प्रश्न देवळाहून वेगळा : झोप येते का, जेवता का, कामावर जाता का, कानात कुणी बोलतं का. या प्रश्नांना इथे एक अडचण आडवी येते, ती भाषेची. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली म्हातारी आयुष्यभर तेलुगूत दुःख करत आली. तिला मराठीत विचारलं तर ती ‘डोकं दुखतंय, अंग जळतंय’ एवढंच सांगते. सुनेने दुभाषाचं काम केलं तर सुनेबद्दलची तक्रार केसपेपरवर येणार कशी?

घराचा निकष याहून साधा आणि कठोर असतो. ज्या खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि अंथरूण, अशा घरात माणूस मागावर बसतो तोवर त्याच्या डोक्याची चौकशी कुणी करत नाही. स्वतःशी बोलत का होईना, चादर उतरते ना? तो बसायचा थांबला की तो वेडा. बाईच्या बाबतीत विड्यांचा हजार पुरा झाला नाही, मुलांचा डबा राहिला, की. अशा घरांना निर्दय म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही, कारण हीच घरं पुढे वीस-वीस वर्षं त्या माणसाला सांभाळतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटात सोलापुरात शिकलेल्या अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण उभा केला. त्यांच्या कामाचं कौतुक खूप झालं. मला त्यातली बहीण जास्त लक्षात राहिली. भावाला आपल्या घरी आणून डॉक्टर, नवरा, मुलं आणि तो, हे सगळं एकटीने ओढणारी.

कायद्याचा प्रश्न सर्वांत अरुंद. १८४३ मध्ये इंग्लंडात डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. त्याच्या सुटकेवरून गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले ते १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आले. १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेचं कलम २२ आहे. विचारायचं ते एवढंच : कृत्य करतेवेळी आपण काय करतो आहोत, किंवा ते गैर आहे, हे त्याला कळत होतं का? आधी वेडा होता, नंतर वेडा झाला, याला थेट किंमत नाही. ती घटका महत्त्वाची. पण घटकेचा पुरावा कुठून आणणार? महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा खून केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला आगेमागे पाहावंच लागलं. घराण्यातला आजार, आधीचे उपचार, घटनेनंतर लगेच वारंवार करावे लागलेले उपचार, कारण अगदी क्षुल्लक, आणि खुनानंतर तो पळाला नाही की काही लपवलं नाही. २००२ मध्ये न्यायालयाने त्याला कलम ८४ चा फायदा दिला. शहाणा माणूस पळाला असता, असं त्यामागचं गृहीत. याच न्यायालयाने १९८८ मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात बजावलं होतं की, स्किझोफ्रेनिया हा शिक्का पुरेसा नाही, आजार किती आणि त्यामुळे संसार अशक्य होतो का, ते दाखवा. आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलताना न्यायालयाने त्याचं नावसुद्धा लपवून ‘आरोपी एक्स’ असं लिहिलं. गुन्हा करताना तो कायद्याच्या दृष्टीने शहाणा होता. वर्षानुवर्षं फाशीच्या कोठडीत राहून त्याला गंभीर मनोविकार जडला होता. फाशी समजण्याइतकं शहाणपण नसलेल्याला फाशी देता येत नाही.

इथे सोलापूरकराला येरवडा आठवल्याशिवाय राहणार नाही. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली ती येरवड्याच्या तुरुंगात. आणि ‘याला येरवड्याला पाठवा’ हा आपल्याकडचा नेहमीचा विनोद तिथल्या मनोरुग्णालयावरून आला. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं. आपल्या वाट्याला येरवडा. १९१२ च्या ल्युनसी कायद्याखाली तिथे पोहोचायला काय लागायचं? नवऱ्याचा, बायकोचा किंवा नातलगाचा अर्ज, डॉक्टरांचे दोन दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम. ज्याच्याबद्दल हा कागद, त्याची सही कुठेच नाही. नको झालेल्या बायका या वाटेने गेल्या असतील हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तो कायदा १ एप्रिल १९९३ पर्यंत चालला. आत जायला चार कागद पुरत. बाहेर यायला न्यायला आलेलं माणूस लागे, आणि बऱ्या झालेल्या कितीतरी जणांना न्यायला कुणी आलं नाही.

भटकत राहिलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. मुंबई–चेन्नई मार्गावरचं सोलापूर स्थानक अशा माणसांच्या ओळखीचं आहे. कुठल्याशा गाडीत बसून आलेली, अंगावर चिंध्या, विचारलं तर भलत्याच भाषेत उत्तर देणारी. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी अशांना रस्त्यावरून उचलून औषध द्यायचं, माणूस बोलू लागला की गावाचं नाव विचारायचं आणि तिथवर नेऊन पोहोचवायचं, हे काम उभं केलं. कर्जतला त्यांचं केंद्र आहे आणि २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत यांना मिळाला. त्यांच्या कामातली मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट ही की, बहुतेकांना घर सापडतं. स्थानकावर ज्याला ‘येडं’ म्हणून बाजूला सारलं त्याचं नाव घेऊन रडणारी माणसं कुठेतरी असतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १२ राज्यांच्या पाहणीतून सांगितलं की, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या घटकेला कुठला ना कुठला मनोविकार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. दहातला एक म्हणजे तो आपल्याच गल्लीत असणार. तेव्हा ‘ते’ आणि ‘आपण’ अशी वाटणी करून हा विषय वाचण्यात अर्थ नाही.

मला आजच्या कायद्यातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते ती ‘क्षमता’. २०१७ च्या कायद्याने इथे माणूस वेडा की शहाणा हे ठरवायचं सोडून दिलं आणि एवढंच विचारलं की, या उपचाराबद्दलची माहिती त्याला समजते का, हो किंवा नाही म्हटलं तर काय होईल हे कळतं का, आपला निर्णय बोलून, खुणेने, कसाही सांगता येतो का. आज नाही, पण परवा येईल. एका बाबतीत नाही, दुसऱ्या बाबतीत येईल. त्याचा निर्णय डॉक्टरला चुकीचा वाटला, म्हणून क्षमता नाही असं म्हणायची सोय ठेवलेली नाही. बसप्पाच्या गावाने फळावरून निवाडा केला होता. हा कायदा फळाकडे बघायला मनाई करतो.

त्याच कायद्यात पूर्वनिर्देशाची तरतूद आहे. कुणाही प्रौढ माणसाने, बरा असताना, लिहून ठेवायचं की पुढे माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही तर माझ्यावर काय करावं, काय करू नये, आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. निकडीच्या उपचाराला तो लागू नाही, आणि डॉक्टरांना किंवा नातलगांना तो मान्य नसेल तर त्यांना त्या कायद्याखालच्या पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. इथे एक पेच उभा राहतो, तो कायदा सोडवू शकलेला नाही. समजा एखाद्या बाईने बरी असताना लिहिलं की आजार उलटला तर मला जबरदस्तीने औषध द्या, मी तेव्हा नाही म्हणेन, ऐकू नका. आणि आजार उलटल्यावर ती खरंच हात जोडून नाही म्हणते आहे. बरी असतानाच्या बाईने आजारी बाईवर हुकूम चालवायचा, याला आपण शहाणपण म्हणतो. आजारी बाईचं त्यावर काय म्हणणं आहे, हे विचारायचं झालं तर कुणाला विचारणार, तेही लिहून ठेवावं लागेल : कुणाचं नाव घालायचं? मी ओळखीच्या काहीजणांना सहज विचारून पाहिलं. बायकांनी बहिणीचं नाव घेतलं, पुरुषांनी बायकोचं. मुलाचं नाव कुणीही घेतलं नाही.